बाईंच्या हाताची जागा

बाई, हे पत्र मी किती वर्षं टाळलं ते मलाच नीट सांगता येणार नाही. दर हिवाळ्यात लिहायला बसते आणि काहीतरी निघतं. कधी झेंडूची तोड असते, कधी एखाद्या शाळेच्या भिंती रंगवायचं काम येतं. एकदा तर पेनाचं टोपण सापडेना म्हणून उठले, ती थेट त्र्यंबकला पोचले. तुम्ही असतात तर चष्म्यावरून बघून विचारलं असतंत, टोपण त्र्यंबकला होतं का? आज मात्र पळायला जागा नाही. आईनं सकाळी माळ्यावरची ट्रंक खाली काढली आणि म्हणाली, "ही तुझी रद्दी बघ, नाहीतर बंबात घालते." कागदांना कसर लागलीय. एकच मोठा कागद धड निघाला, पहिल्या वर्षाचा, सातपूरच्या बसस्टॉपचा. शिफ्ट सुटलीय, डबे हातात घेऊन माणसं निघालीत, एकाचा पाय बसच्या पायरीवर आहे. आणि मागं, डाव्या कोपऱ्यात, तुमचं पेन्सिलीतलं तिरपं अक्षर. 'सगळे निघालेत. बसलेलं कोणीच कसं नाही?' त्याच्या खाली लिहिते आहे. अक्षर बारीक काढलं तर मावेल सगळं.

चित्राच्या पुढच्या बाजूला तुम्ही कधी रेघसुद्धा मारली नाहीत. बाकीचे सर लाल पेनानं आमच्या चित्रातल्या माणसांचे हातपाय तोडायचे. तुम्ही कागद उलटा करायचात, डाव्या हातानं मागं एक प्रश्न लिहायचात आणि परत द्यायचात. उत्तर मागायला कधी आला नाहीत. उजवा हात पदराखाली. दोन वर्षं आम्ही सातजण तुमच्यासमोर बसलो, पण तो हात काही बघितला नाही. त्यावरून वर्गात गोष्टी मात्र होत्या. कोणी म्हणे भाजलाय, कोणी म्हणे लग्नात काहीतरी झालं. विचारलं कोणीच नाही. आम्ही तसे आगाऊ होतो, पण त्या पदरापाशी आल्यावर सगळ्यांची जीभ आखडायची.

मी तिथं आले तीच चुकून. बारावीला दोनदा गटांगळ्या खाल्ल्या, आईला वाटलं चित्रकलेच्या डिप्लोमाला घातली की निदान एका जागी बसेल. आई पहाटे फुलांच्या पाट्या घेऊन बाजारात जायची आणि मी तिच्याच टेम्पोतून अर्ध्या वाटेत उतरून भलतीकडे निघायचे. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी लावून देवानं वर चावी देऊन ठेवलीय. तुम्ही हजेरी घेताना माझं नाव आलं की वर न बघता विचारायचात, "आज कुठल्या गावाला?" आणि मी दुसऱ्या दिवशी खरंच गाव सांगायचे. तुम्ही रागवला नाहीत. फक्त एकदा म्हणालात, "जा. पण परत येताना काहीतरी घेऊन ये, नुसती धूळ नको." तेवढं एक वाक्य मी घेतलं आणि त्याच्यावर किती दिवस दांड्या मारल्या!

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प सांगितलात तो दिवस आठवतो. वर्गात टर्पेंटाइनचा वास, बाहेर शिपाईमामा बादली आपटतायत. तुम्ही म्हणालात, सातजणांनी मिळून एकच वस्तू करायची. दुकानातलं काही आणायचं नाही, आणि जिला किंवा ज्याला ते काम येतं त्याच्याकडून ते शिकून यायचं. बाकीचे कुंभार, बुरूड, पतंगवाला असं बोलायला लागले. मी त्याच आठवड्यात सुरगाण्याच्या जीपमध्ये बसून आले होते, काही कारण नव्हतं, जीपच्या टपावर जागा होती म्हणून. तिथं एका पाड्यावर पाणी मागायला थांबले तर एक म्हातारी घराची भिंत लिंपत होती. कारवीच्या काठ्या विणून केलेला कूड, त्यावर शेण, माती आणि भाताचं तूस यांचा लेप. मी हात वर करून म्हटलं, "बाई, भिंत करू या." सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. "कुणाची?" म्हणालात. मी म्हटलं, "आजीची." तुम्ही म्हणालात, "मग रविवारी मला ने तिच्याकडे."

तो रविवार मी किती वेळा परत जगलेय म्हणून सांगू. जीपमध्ये तुम्ही पुढं, ड्रायव्हर आणि दोन बायकांमध्ये चेपून बसलाय, पर्स मांडीवर, उजवा हात पदरात. पेठचा घाट लागला तशी तुम्हाला मळमळायला लागलं आणि मी मागून लिंबू देते आहे. पाड्यावर पोचलो तर म्हातारी अंगणात चिखल तुडवतेय, सून पाणी घालतेय. त्यांची निम्मी बोली मला कळायची नाही, पण आजी माझ्याशी जरा थांबून थांबून बोलायची, जनावराशी बोलावं तशी. तिनं तुम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "मास्तरीण ना तू? मंग पदर खोच. चिखल शिकवायचा म्हंजे हात घालाया लागतो."

तुम्ही डावा हात घातलात.

"एक हात काय मंदिरात ठेवलाय का?" आजी म्हणाली. सून तोंडाला पदर लावून हसली. मला वाटलं आता धरणी फाटावी. आणि तुम्ही, बाई, तुम्ही सरळ पदर सोडून तो हात बाहेर काढलात. अंगठ्याजवळचं बोट अर्धं. मधलं पेरापर्यंत. आजीनं तो हात आपल्या चिखलाच्या हातात घेऊन भाजी निवडावी तसा उलटासुलटा करून बघितला.

"काय झालं?"

"प्रेसमशीनमध्ये गेलं. सातपूरला. शिकायच्या आधी तीन वर्षं कारखान्यात होते मी."

"दुखतंय?"

"थंडीत."

"मंग घाल चिखलात. शेण ताजं हाय, ऊन हाय."

एवढंच. दोन वर्षं आम्ही ज्याच्याभोवती चोरपावलांनी फिरलो ते तिनं एका मिनिटात काढलं, पुसलं आणि ठेवून दिलं. तुम्ही दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात घातलेत आणि डोळे मिटलेत. मी तेव्हा तुमच्याकडं बघितलं नाही. बघायला हवं होतं असं आता वाटतं. दुपारी सुनेनं नागलीच्या भाकरी आणि खुरासणीची चटणी दिली, तुम्ही माझ्या ताटात तुमची अर्धी भाकरी ठेवलीत आणि म्हणालात, "खा, तुला परत भटकायचंय." उजव्या हातानं ठेवलीत. ते मात्र बघितलं.

घराची पुढची भिंत तेव्हा दिवाळीत लिंपलेली होती. त्या घरात अशी रीत की भिंत पुरी झाली की घरातल्या सगळ्यांनी तांदळाच्या पिठात हात बुडवून तिच्यावर उठवायचे. म्हाताऱ्याचा, आजीचा, सुनेचा, एक इवलासा तान्ह्या पोरीचा. पण मधे एक जागा मोकळी. मी आपली शहाणी, म्हटलं, "आजी, इथं मी उठवू का? भकास दिसतंय." आजीनं माझा हात धरला. "नको. पोरगा द्राक्षाच्या कामाला गेलाय तुमच्याकडं. आला म्हंजे कुठं ठेवील हात?" परतताना जीपमध्ये तुम्ही घाट उतरल्यावर एकदम म्हणालात, "ती जागा बघितलीस? सगळ्या भिंतीत तेवढंच बघण्यासारखं होतं."

मग आमची भिंत. कॉलेजच्या वरच्या हॉलमध्ये, पलंगाएवढी. प्राचार्य दारात नाक धरून उभे राहिले, "हॉलमध्ये शेण? उद्या गाय बांधाल." तुम्ही म्हणालात, "गाय नको सर, तिला हजेरी लावावी लागेल." आम्ही लेप दिला आणि आमच्या शहरी डोक्यानं पाचही पंखे पाचवर सोडले, लवकर वाळावं म्हणून. सकाळी येऊन बघतो तर भिंतीला भेगा, उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या. आजीनं सांगितलं होतं, सावलीत, वाऱ्याशिवाय, आपल्या आपण. कोणाला थांबायला जमतं? तुम्ही पंखे बंद केलेत, आम्हाला सगळी माती खरवडायला लावलीत, आणि पुन्हा लेप दिल्यावर हॉलच्या दारात खुर्ची टाकून स्वतः बसलात, तीन दिवस. आत कोणाला सोडलं नाहीत. मी सात वेळा आले आणि सात वेळा तुम्ही म्हणालात, "वाळतेय. तूही वाळ जरा."

पिठाच्या हातांचं तर आणखीनच. ओलं पीठ भिंतीवर दिसतच नाही. मी हात उठवला, काही दिसेना, परत उठवला, परत. तासाभरानं वाळल्यावर बघते तर माझ्या एकटीचे अकरा बोटांचे दोन हात एकात एक अडकलेले. बाकी सगळ्यांचे स्वच्छ. तुम्ही म्हणालात, "हे मात्र अगदी तुझं चित्र आहे." आणि मधे आम्ही एक जागा सोडली. तुमची. तुम्ही म्हणालात, परीक्षा व्हायच्या आधी मार्क देणारीचा हात भिंतीवर नको. शेवटच्या दिवशी, चार वाजता, प्रदर्शन बंद होताना. आजी आणि सून त्या दिवशी द्राक्षाच्या कामाचं विचारायला दिवसापुरत्या खाली येणारच होत्या, त्यांच्यासमोर. मग मला बाजूला घेऊन तुम्ही हळू म्हणालात, "आणि तू असशील तर. तूच मला तिथं नेलंस. तू आजींना स्टँडवरून घेऊन ये. वाटेत कुठे उतरू नकोस."

मी उतरले, बाई. खरं तर चढले. त्या दिवशी सकाळी बाहेरचे परीक्षक आले होते. भिंतीसमोर उभे राहिले, मोकळ्या जागेवर पेन ठेवून विचारलं, "इथं रचना रिकामी पडते, लक्षात आलं नाही?" मी म्हटलं, "ती बाईंची जागा आहे." ते म्हणाले, "अच्छा. परीक्षेला न बसलेल्यांचीही सोय केलीय." मग वाकून भिंतीचा वास घेतला. "सारवण चांगलं झालंय. चित्र कुठाय?" सगळे हसले, आमच्यातले पण. तुम्ही तेव्हा खाली पाहुण्यांना चहा देत होता, तुम्हाला काही माहीत नाही. मी स्टँडवर गेले ती डोळे पुसत. सुरगाण्याची जीप आली नव्हती. आमच्या मळ्याशेजारचा टेम्पोवाला तिथं भेटला, रिकामा टेम्पो, सटाण्याला कांदा भरायला निघालेला. म्हणाला, "काय गं, तोंड का असं? चल येतेस? संध्याकाळच्या आत परत." मी घड्याळ बघितलं. साडेअकरा. मला वाटलं, होईल. नाही, खोटं कशाला, मला काही वाटलंच नाही. मी चढले.

सटाण्याला लिलाव लांबला. मी कांद्याच्या ढिगांवर बसलेली माणसं काढत बसले. एकजण माझ्या वहीत डोकावून अहिराणीत म्हणाला, "हाई काय शे? मना नाक इतलं मोठं शे का?" मी हसत होते, बाई. चार वाजले तेव्हा मी हसत होते. टेम्पो भरायला अंधार झाला, मग तो तिथंच राहिला, आणि मी कॉलेजात पोचले ती दुसऱ्या दिवशी दुपारी. हॉल झाडलेला. भिंतीच्या जागी फरशीवर लाल मातीची एक पट्टी. शिपाईमामा म्हणाले, "अगं, ती म्हातारी आली ना, विचारत विचारत. जाताना भिंत घेऊन गेली. म्हणाली, माती फुकट घालवायची नाय. सामान घेऊन जीप परत निघाली होती ना, टपावर बांधली. बाई होत्या दोरी धरायला." मी विचारलं, बाईंनी हात उठवला का? ते म्हणाले, "मला काय ठाऊक, मी खाली खुर्च्या लावत होतो. बाई तुझी वाट मात्र बघत होत्या. साडेपाचपर्यंत त्या दारातल्या खुर्चीत बसून होत्या."

मग सुट्ट्या लागल्या. मी तुमच्या घरी यायला तीनदा निघाले आणि तीनदा सातपूरच्या स्टॉपवर उतरून पलीकडची बस पकडली. काय सांगणार होते? आणि पाऊसपाण्याच्या दिवसांत एक दिवस वर्गातली मुलगी आईच्या फुलांच्या पाटीपाशी आली आणि म्हणाली, बाई गेल्या. कावीळ. आठ दिवसांत. आईनं पाटीतली सगळी शेवंती तिच्या पदरात ओतली आणि मला म्हणाली, जा. तिथं मी गेले, शेवटी. तुमचा हात पांढऱ्या चादरीखाली होता.

त्यानंतर मी कुठं कुठं गेले ते सांगत बसत नाही. सातपूरच्या कारखान्यांच्या भिंतींवर 'हातमोजे घाला' असं लिहून त्याखाली हात काढायचं कामसुद्धा केलं, दोन हंगाम. पाच बोटं काढायची. प्रत्येक वेळी ब्रश अंगठ्याजवळच्या बोटाशी थांबायचा. नाशिक, पेठ, हरसूल, सगळं पायाखाली घातलं. सुरगाण्याला मात्र नाही. लोक विचारायचे, तिकडच्या शाळेत काम आहे, जाशील का? मी म्हणायचे, रस्ता वाईट आहे. रस्ता केव्हाच चांगला झालाय. मला ती भिंत बघायची नव्हती. मोकळी जागा तशीच असली तर? म्हणजे तुम्ही साडेपाचपर्यंत बसलात, उठलात, आणि पदर सावरून घरी गेलात. हे एक बघणं मी नऊ वर्षं टाळलं, आणि म्हणून हे पत्रही. बाकी झेंडू आणि टोपणं हे सगळं निमित्त.

इथपर्यंत लिहून झालं होतं. मग आईनं हाक मारली, "अगं ए, बाहेर ये, कोण बाई आलीय बघ, तुझं घर विचारत." मी म्हटलं, कोणी फुलंवाली असेल. गेले, तर अंगणात सून. आजीची सून, बाई! कपाळावरचे केस पिकलेत, हातात पिशवी. द्राक्षाच्या तोडणीला पलीकडच्या मळ्यात आलीय टोळी, तिथून फुलवालीची भटकी पोरगी कुठं राहते असं विचारत विचारत चालत आली. पाणीसुद्धा न पिता म्हणते, "सासूनं धाडलंय. घरकुल मंजूर झालंय आमचं, विटांचं. जुनं घर पाडायचं हाय. सगळं पाडू, पण तुमच्या त्या भितीचं काय करायचं?"

"ती अजून आहे?"

"हाय म्हंजे! तिकडं नेताना निम्मी वाटेत सांडली. राहिली ती पडवीला लावली. दर साली लिंपतो आम्ही. तुमचे हात गेले गं सगळे लेपाखाली. पण मास्तरणीचा सोडून लिंपायचं, असं सासूचं. तेवढा तसाच हाय. दीड बोट नसलेला."

मी खाली बसले. अंगणातच. ती पिशवी खाली ठेवून म्हणाली, "लाजत होती ती. तुझी वाट बघून बघून मंग उठली. सासू म्हणाली, पोरगी येईल तेव्हा बघंल, तू ठेव. मंग ठेवला." आणि लगेच, "बरं, मास्तरीणबाईंनाच विचारायचं हाय. भीत पाडताना तेवढा तुकडा कापून त्यांना द्यायचा, असं सासू म्हणते. जिचा हात तिला. कुठं असतात त्या?"

आता ती ओट्यावर बसलीय, बाई. पाय पसरून, भिंतीला टेकून, आईनं दिलेला चहा बशीत ओतून पितेय. आजच संध्याकाळची जीप धरायची म्हणते, उद्या पाडायला लोक येणार. मी चपला घातल्यात आणि एवढं लिहायला आत आलेय. कागद इथंच ठेवते, तुमच्या प्रश्नाखाली आता जागाही नाही. वाटेत कुठे उतरणार नाही.

फक्त एक. तुम्ही कुठं असता हे तिनं विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की त्या वर्गावर आहेत, चारला सुटतील. अजून मी ते दुरुस्त केलेलं नाही.